सारवण

गेल्या सप्टेंबरात आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'आलिशान वास्तूपेक्षा साधे घरच सुखाचे'. मी विषयाच्या बाजूने बोलले आणि मला दुसरे बक्षीस मिळाले. ज्यांनी ते भाषण ऐकले त्यांनी टाळ्या वाजविल्या, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्या भाषणाविषयी मला काही सांगावयाचे आहे. व्यासपीठावरून ते सांगण्याचे धैर्य मला झाले नसते, म्हणून वार्षिकांकाच्या पानांचा आडोसा घेते आहे.

भाषणात मी काय म्हणाले ते आधी थोडक्यात सांगते. सुरुवात केली ती मुंबईच्या अल्टामाउंट रोडवरील 'अँटिलिया'पासून. मुकेश अंबानींचे हे घर २०१० साली पूर्ण झाले. २७ मजले, १७३ मीटर उंची, आणि राहणारे कुटुंब एक. नुसत्या मोटारी ठेवायलाच सहा मजले आहेत म्हणतात. 'ढगांशी बोलणाऱ्या घराला शेजार नसतो', असे एक वाक्य मी येथे टाकले होते. (हे वाक्य आदल्या रात्री वसतिगृहात तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिले होते, आणि त्यावरच पहिली टाळी पडली.) मग आले सेवाग्राम, बापू कुटी, मातीच्या भिंती. आणि शेवटी, श्रोत्यांच्या काळजाला हात घालण्यासाठी, मी आमचे स्वतःचे घर पुढे केले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, दोन खोल्या आणि पुढे सपरी एवढेच घर. वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली थंडगार जमीन, आणि संध्याकाळी एका दिव्याभोवती बसलेली आम्ही पाच माणसे. जागा थोडी म्हणून माणसे जवळ, असे काहीतरी म्हणून मी भाषण संपविले.

विरुद्ध बाजूला वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी होता. त्याने जोधपूरच्या उमेद भवनाचे उदाहरण दिले. १९२९ मध्ये पायाभरणी, १९४३ मध्ये काम पूर्ण, ३४७ खोल्या. दुष्काळाने गांजलेल्या प्रजेला काम मिळावे म्हणून महाराजा उमेदसिंहांनी ते बांधायला काढले आणि हजारो लोकांच्या चुली त्यावर पेटल्या. श्रीमंताने मोठे घर बांधले नाही तर गवंड्याने काय खावे, असा त्याचा सवाल होता. मी त्याला उत्तर दिले की पोट भरण्यासाठी माणसाला महालाच्या भिंतीच कशाला हव्यात, तलाव का नकोत? पुन्हा टाळ्या. त्यावेळी मला एका गोष्टीची आठवण झाली नाही, किंवा झाली असली तरी मी ती दडपली. माझे बाबा मिस्त्री आहेत. तालुक्याच्या गावी नव्या लेआउटमध्ये जे बंगले उभे राहतात, त्यांच्या विटांवर माझे शिक्षण चालले आहे.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा बक्षिसाचे प्रमाणपत्र बरोबर नेले होते. कापूस वेचणीचे दिवस. आई वावरातून आली होती आणि सणाचे सारवण काढून बसली होती. मी उंबऱ्यावर बसून मोठ्या हौसेने तिला भाषण वाचून दाखवू लागले. ती कोपरापर्यंत शेणाने माखलेली, पोतेरे फिरवीत मागे मागे सरकत होती. 'एका दिव्याभोवती' हे वाक्य आले तेव्हा तिचा हात थांबला.

"दिवा? ते बिल भरलं नाही म्हणून लाईन कापली होती, तवाची गोष्ट हाय ना?"

मी हो म्हटले.

"मंग ते बी सांगा लागत होतं."

पुढे थंडगार जमिनीचे वर्णन आले. आई हसली. रागावून नाही, खरेच हसली. "तुह्या सरांले इचार, सारवलं हाय काय कधी? इतकं चांगलं हाय त घ्या म्हणा आमचं, अन् द्या तुमचं."

मी भाषणाचे कागद घडी करून ठेवले आणि पदर खोचून तिच्याबरोबर बसले. सारवण मला येत नाही असे नाही. चौथीपासून करते आहे. पण वसतिगृहाच्या फरशीवर दीड वर्ष राहिल्यामुळे की काय, त्या दिवशी मी ते पहिल्यांदा नीट पाहिले.

सारवण म्हणजे काय हे शहरातल्या मित्रमैत्रिणींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आधी शेण हवे. आमच्याकडे बैल होते तोपर्यंत त्याचा प्रश्न नव्हता. बैल विकले, आता गावात नांगरणी ट्रॅक्टरने होते, आणि शेण हीसुद्धा मागून आणायची वस्तू झाली आहे. ज्यांच्या दारी जनावरे उरली आहेत त्यांच्याकडे घमेले घेऊन जायचे, आणि त्या बदल्यात त्यांचा गोठा एखादे वेळी झाडून द्यायचा. मग माती. वावरातली काळी माती चालत नाही, वाळली की तिला भेगा पडतात. म्हणून नाल्याच्या काठाची पिवळी माती डोक्यावरून आणायची. ती शेणात कालवायची, खडे वेचायचे, पाणी बेताचे घालायचे. पाणी जास्त झाले तर ओघळ येतात, कमी झाले तर पोपडे धरतात. आणि मग उकिडवे बसून, आतल्या कोपऱ्यापासून दारापर्यंत, अर्धवर्तुळे काढीत मागे सरकायचे. चार दिवस जात नाहीत तोच चुलीपुढची जागा उखडते, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर धूळ निघते, की पुन्हा पहिल्यापासून. भिंतींचे वेगळेच. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत भिजून तिचे ढपले पडतात, ते दसऱ्याच्या आत लिंपायचे, वरून पांढऱ्या मातीने पोतारायचे. कवेलू दर उन्हाळ्यात फेरायचे, कारण वर्षभर माकडे त्यांवर नाचलेली असतात.

रात्री मी हिशेब मांडला. चार दिवसांनी एकदा म्हणजे वर्षाचे सुमारे ९० वेळा. एका वेळेला दोन तास. आईच्या लग्नाला २२ वर्षे झाली. जवळजवळ चार हजार तास! दिवसरात्र न थांबता मोजले तर साडेपाच महिने. यात भिंती नाहीत, कवेलू नाहीत, मागून आणलेल्या शेणाचे उपकार नाहीत. माझ्या भाषणातली ती थंडगार जमीन अशी तयार झाली होती, आणि मी तिचे श्रेय साधेपणाला देऊन बक्षीस घेऊन आले होते.

आता सेवाग्रामविषयी. प्रथम वर्षाला असताना जानेवारीत आपली सहल तेथे गेली होती. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी त्या गावी राहायला आले. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. आज जिला बापू कुटी म्हणतात ती आधी मीराबहनची कुटी. आसपास मिळणाऱ्या वस्तू आणि गावचेच मजूर यांतून ती उभी राहिली. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच नावाचे विचारवंत तेथे येऊन या कुटीवरच बोलले, हे आम्हाला सरांनी कुटीच्या ओट्यावर बसवून सांगितले होते. सर बोलत होते आणि आम्ही सारे त्या गार भिंतींना पाठ टेकून बसलो होतो. मला मनातून फार अभिमान वाटत होता. जगातले मोठमोठे लोक ज्या घराला नमस्कार करतात ते घर अगदी आमच्या घरासारखे आहे!

पण ते आमच्या घरासारखे नाही. हे मी तेथे पाहिले होते आणि विसरले होते. दिवाळीच्या त्या रात्री आठवले. कुटीत न्हाणीघर आहे, आणि शौचालयही आहे. तेथे वाचनाचे कागद ठेवायचीसुद्धा सोय केलेली आहे. खिडक्यांतून उजेड येतो. गांधीजींनी १९३७ साली 'हरिजन'मध्ये खेड्यातल्या आदर्श घराविषयी लिहिले, त्यात पाच मैलांच्या परिसरात मिळणारे सामान ही अट सर्वांच्या लक्षात राहते. त्याच्याच जोडीला पुरेसा उजेड आणि वारा हवा असेही त्यांनी म्हटले आहे, ते कोणी सांगत नाही. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. भिंत मातीची, खिडकी काढली तर वरचा भार कोण पेलणार, म्हणून आजोबांनी ठेवलीच नाही. आणि शौचालय आमच्याकडे मी नववीत असताना आले. त्याआधी मी, आई आणि आजी पहाटे अंधारात कोठे जात होतो हे काही मी भाषणात सांगितले नव्हते.

म्हणजे त्या महात्म्याने नकोशा वस्तू घरातून काढल्या, हव्या त्या ठेवल्या. आमच्या घरातून कोणी काही काढले नाही, मुळात काही आलेच नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घरे सारखीच दिसतात.

असो. आता कोणी म्हणेल, मग काय तुला बंगला हवा? या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे, कारण बंगल्यातही मी राहून आले आहे. पंधरा दिवस.

माझी मावशी नागपूरला एका बंगल्यात धुणीभांडी आणि वरकाम करते. गेल्या मे महिन्यात तिचा गुडघा सुजला, म्हणून परीक्षा संपताच मी तिच्या मदतीला गेले. मागच्या बाजूला तिची खोली होती, तेथे आम्ही दोघी निजत असू. बंगला दुमजली. नऊ खोल्या. राहणारी माणसे दोन, वृद्ध साहेब आणि बाई. मुलगा आणि मुलगी दोघेही परदेशी. तीन खोल्यांना कुलूप होते. त्या दर सोमवारी उघडून झाडायच्या, पुसायच्या, पलंगावरच्या चादरी झटकून पुन्हा तशाच अंथरायच्या आणि कुलूप लावायचे. बंद खोलीतही धूळ जाते हे मला तेथे कळले. नागपूरच्या मे महिन्यातली वावटळ कुलूप पाहून थांबत नाही! दिवाणखान्यात एक झुंबर होते. त्याचे लोलक महिन्यातून एकदा उतरवून सोड्याच्या पाण्यात धुवायचे, आणि पुसून पुन्हा ज्याच्या त्या आकड्यात अडकवायचे. माझ्या वाट्याला ते एकदाच आले. सकाळी बसले ती दुपारी चहाच्या वेळी उठले.

खोटे कशाला बोलू, मला ते घर आवडले. वरच्या मजल्यावर मुलीची खोली होती, तिच्यात खिडकीशी एक टेबल. बाईंनी एक दिवस मला पुस्तक चाळताना पाहिले आणि दुपारी तेथे बसून वाचत जा म्हणाल्या. त्या टेबलावर मी एक आख्खी कादंबरी वाचली. हाक नाही, भांड्यांचा आवाज नाही, शेजारी कोणी घोरत नाही. आमच्या घरी दहावीचा अभ्यास मी कापसाच्या गंजीवर बसून केला, आणि रात्री सगळे निजल्यावर आजीच्या तोंडावर उजेड पडू नये म्हणून बल्बला कागद गुंडाळून. जागा थोडी म्हणून माणसे जवळ, हे खरे आहे. पण माणसे इतकी जवळ असली की पुस्तक दूर जाते, हेही खरे आहे. हे मी स्पर्धेत बोलले असते तर बक्षीस त्या वाणिज्यच्या मुलाला गेले असते.

बाई एकदा चहा घेताना मावशीला म्हणाल्या, "तुमचं बरं आहे गं. एका खोलीत सगळे, बोलायला माणूस. मला तर या घराचा अगदी कंटाळा आलाय." मला ते ऐकून चीड आली. रात्री मी मावशीजवळ बोलून दाखविले की यांना गरिबीचे कौतुक करायला काय जाते! मावशी पायाला तेल चोळीत होती. म्हणाली, "तसं नाही वं. भेव लागते तिले. रात्रभर जिन्यावरचा लाईट बंद करत नाही थे." दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या बोलण्याचा मला तेवढा राग आला नाही.

त्या घराचेही एक सारवण होते, एवढेच मला म्हणायचे आहे. ते मावशीच्या गुडघ्यात साठले होते. उमेद भवनाचा सवाल त्या वाणिज्यच्या मुलाने टाकला तेव्हा मी तलावाचे चटपटीत उत्तर दिले. खरे तर त्याला विचारायला हवे होते की बांधून झाल्यावर त्या ३४७ खोल्या झाडल्या कोणी? आज त्या महालाचा एक भाग हॉटेल आहे, एक भाग संग्रहालय, आणि उरलेल्यात राजघराणे राहते. राजालासुद्धा एकट्याच्या बळावर घर झाडून होत नाही! अँटिलियाच्या नोकरांचा आकडा वर्तमानपत्रांतून काही शेकड्यांत छापून येतो. घर केवढे आहे हे मजल्यांवरून मोजायचे की त्यामागे वाकणाऱ्या पाठींवरून, हा विचार मला माझे भाषण लिहिताना सुचला असता तर ते निराळे झाले असते. त्या मोजमापाने आमचे दोन खोल्यांचे घरही काही लहान भरत नाही. फक्त त्याच्यामागे पाठ एकच आहे, आणि तिला पगार नाही.

आता आमच्या घरचा वाद सांगते, कारण आपल्या स्पर्धेपेक्षा तो अधिक चांगला झाला. बाबांचे नाव घरकुलाच्या यादीत लागले आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, आणि घर निदान २५ चौरस मीटरचे. हप्ते काम जसजसे वर येईल तसतसे मिळतात. त्यासाठी जुने घर पाडावे लागणार. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सपरीत बसून चर्चा झाली. आजीचे म्हणणे, मातीचेच नीट करा. "सिलापाच्या घरात उन्हाळ्यात माणूस भाजून निघते." आजीचे चुकते असे म्हणता येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि गावातल्या नव्या घरांतली माणसे रात्री खाटा घेऊन अंगणात निजतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

बाबा म्हणाले, "माय, कवेलू फेरायले आता माणूस भेटते काय? अन् माकडं कोण हाकलन, तू?"

मी मध्येच माझे ज्ञान पाजळले. पाच मैलांच्या आतले सामान वगैरे. बाबांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "पाच मैलात आता काय हाय? सागवान जंगल खात्याचं, बांबू इकत. नाल्याची रेती होती, थे बी लिलावात गेली." पुढे ते पायाविषयी बोलत राहिले. काळ्या मातीत घर बांधायचे तर पाया खोल घ्यावा लागतो, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि वरची भिंत तडकते. म्हणजे पैसा आधी जमिनीत पुरायचा, दिसणारे घर उरलेल्यात. दुसऱ्यांच्या घरी ओळंबा आणि पाणलेव्हल लावून केसाचाही फरक न ठेवता फरशी बसविणारा माझा बाप, स्वतःच्या फरशीचा हिशेब बोटांवर करीत होता आणि तो जमत नव्हता.

आई इतका वेळ गप्प होती. शेवटी तिने विचारले, "फरशी बसन की नाही, तेवढं सांगा."

बाबा म्हणाले, भिंती अन् सिलाप होऊन उरले तर.

"मंग सिलाप राहू द्या. टिना टाका वरतून. पण खाली फरशी पायजे."

वर टिना म्हणजे उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ताशा. हे तिला कळत नव्हते थोडेच! आजी तिच्याकडे पाहत राहिली. मग आजीने मान खाली घातली, आणि पुन्हा मातीच्या घराचा विषय काढला नाही. आजीनेही या जमिनीवर चाळीस वर्षे काढली होती. त्या दोघींमध्ये त्या क्षणी काय बोलणे झाले ते आम्हा बाकीच्यांना ऐकू आले नाही.

मी माझ्यासाठी एक खिडकी मागितली. टेबल मागण्याचा धीर झाला नाही. बाबा म्हणाले, पाहू, चौकट कुठून जुनी मिळते का. बंगले पाडून नवे बांधणाऱ्यांकडे कधी कधी सागाची चौकट पडून असते.

भाऊबीज होऊन मी परत यायला निघाले त्या दिवशी पहाटे जाग आली तर आई पुन्हा सारवीत होती. सामान बरेचसे शेजारच्या घरी हलविले होते. खोल्या रिकाम्या, आवाज घुमत होता. सोमवारी भिंती पाडायला माणसे येणार होती. मी म्हटले, आई, चार दिवसांनी हे पडणार आहे, आता कशाला?

ती दाराशी पोहोचली होती. शेवटचा हात उंबऱ्यावरून फिरवून उठली, कमरेवर मनगट टेकून पाठ सरळ केली आणि म्हणाली, "सरक, पाय नको देऊ. वाळू दे."